चोवीस बाइट, तीन कार्डं: सिस्टीम/३७० वर ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय चालणारा प्रोग्रॅम

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० ही मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संगणकांची मालिका जाहीर केली; सिस्टीम/३७० ही तिचीच पुढची पिढी. ३६० च्या पुढच्या पॅनलवर डिव्हाइसचा पत्ता निवडायचे तीन फिरते स्विच आणि 'लोड' नावाचं एक बटण होतं. स्विच फिरवून पत्ता लावायचा, बटण दाबायचं, आणि त्या डिव्हाइसवर जे असेल ते मेमरीत येऊन चालू व्हायचं. यालाच इनिशियल प्रोग्रॅम लोड, म्हणजे आयपीएल म्हणतात. आज पीसीवर या यंत्रांची नक्कल करणाऱ्या हर्क्युलीस एम्युलेटरमध्ये 'आयपीएल' ही कमांड दिली की अगदी हेच घडतं. पवईच्या आयआयटीत सत्तरच्या दशकात सोव्हिएत बनावटीचं ईसी-१०३० होतं. ती मालिका सिस्टीम/३६० शी सुसंगत राहील अशीच बांधलेली होती. तेव्हा या लेखातली बरीचशी माहिती तिथे काम केलेल्यांच्या ओळखीची निघेल.

या लेखात आपण ऑपरेटिंग सिस्टीम, लोडर, लायब्ररी यांपैकी काहीही न वापरता बूट होणारा प्रोग्रॅम हाताने बांधणार आहोत. असेंबलरचीही गरज नाही. ऐंशी बाइटची तीन पंच कार्डं मिळून एकूण २४० बाइटची फाइल होते आणि तिच्यातल्या प्रत्येक बाइटचं काम तुम्हाला सांगता यायला हवं. मेनफ्रेम समजून घ्यायचा याहून सरळ रस्ता मला माहीत नाही. पीसीवर बूट सेक्टर लिहिण्याची सवय असेल तर एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. इथे मेमरीत माल आणायचं काम प्रोसेसर करत नाही, चॅनेल करतो, म्हणजे डिव्हाइस आणि मेमरी यांच्यात माल हलवणारा वेगळा घटक. म्हणून तुमचा पहिला प्रोग्रॅम प्रोसेसरसाठी नसतो, चॅनेलसाठी असतो. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं जातं.

लोड बटणाने नेमकं काय होतं

बटण दाबलं की चॅनेल निवडलेल्या डिव्हाइसवरून २४ बाइट वाचतो आणि मेमरीच्या पत्ता शून्यापासून ठेवतो. ही वाचण्याची आज्ञा यंत्रातच बसवलेली असते, ती कुणी लिहावी लागत नाही. या २४ बाइटचे आठ-आठचे तीन तुकडे असतात. पहिला तुकडा म्हणजे पीएसडब्ल्यू, अर्थात प्रोसेसरने कुठून आणि कोणत्या अवस्थेत सुरू व्हायचं ते. उरलेले दोन तुकडे म्हणजे दोन सीसीडब्ल्यू, चॅनेलला दिलेले हुकूम. चोवीस बाइट आले की चॅनेल थांबत नाही. तो पत्ता ८ वरचा सीसीडब्ल्यू उचलतो आणि पुढे चालू लागतो. साखळी संपली की प्रोसेसर पत्ता शून्यावरचा पीएसडब्ल्यू घेतो आणि तुमच्या प्रोग्रॅमची पहिली इन्स्ट्रक्शन चालते. ज्या डिव्हाइसवरून लोड झालं त्याचा पत्ता यंत्र जाता जाता मेमरीच्या बाइट २ आणि ३ मध्ये लिहून ठेवतं. आपण कुठून आलो हे प्रोग्रॅमला त्यातून कळतं.

सीसीडब्ल्यूचे आठ बाइट असे वाचायचे: पहिला बाइट हुकूम, पुढचे तीन मेमरीतला पत्ता, मग एक बाइट झेंड्यांचा, एक रिकामा, आणि शेवटच्या दोनांत किती बाइट हलवायचे तो आकडा. झेंड्यांपैकी आपल्याला दोनच लागतील. हेक्स (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ४० म्हणजे 'हा हुकूम झाला की पुढचा घे'. हेक्स २० म्हणजे 'लांबी जुळली नाही तरी तक्रार करू नकोस'. दोन्ही हवे असतील तर ६०.

पीएसडब्ल्यू आपण जुन्या बेसिक कंट्रोल पद्धतीचा वापरणार आहोत. पहिला बाइट शून्य म्हणजे चॅनेलचे आणि बाहेरचे सगळे इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसरचं लक्ष वेधणारे इशारे, बंद. दुसऱ्या बाइटमध्ये ०२ असेल तर प्रोसेसर थांबलेल्या अवस्थेत जातो. शेवटचे तीन बाइट म्हणजे पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता.

तीन कार्डं

हेक्समधली ए ते एफ ही अक्षरं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. फाइल बनवताना अक्षरं आणि आकडे दोन्ही रोमन लिपीतच टाका.

पहिलं कार्ड:

०० ०० ०० ०० ०० ०० ०२ ००
०२ ०० ०० ६८ ६० ०० ०० १८
०२ ०० ०२ ०० २० ०० ०० ५०

पहिली ओळ पीएसडब्ल्यू: हेक्स २०० पासून सुरू कर. दुसरी ओळ: पुढचं कार्ड वाच (०२), त्यातले हेक्स १८ म्हणजे २४ बाइट पत्ता ६८ वर ठेव आणि पुढच्या हुकमाकडे जा. तिसरी ओळ: आणखी एक कार्ड वाच, त्याचे हेक्स ५० म्हणजे पूर्ण ८० बाइट पत्ता २०० वर ठेव आणि थांब.

दुसऱ्या ओळीतला ६० नीट पाहा. कार्ड ८० बाइटचं आणि आपण मागतोय २४. तिथे फक्त ४० लिहिलंत तर चॅनेल लांबी चुकल्याचं नोंदवून साखळी तिथेच तोडतो आणि प्रोग्रॅम कधीच येत नाही. वाचनाच्या प्रत्येक नव्या हुकमाला नवं कार्ड सरकतं, त्यामुळे आधीच्या कार्डावरचे उरलेले ५६ बाइट वाया जातात. ते गेले तरी चालतील.

दुसरं कार्ड:

०० ०२ ०० ०० ०० ०० ०४ ४४
०० ०२ ०० ०० ०० ०० ०६ ६६
०० ०२ ०० ०० ०० ०० ०२ २२

हे कार्ड टाळायचा मोह होईल, पण टाळू नका. प्रोग्रॅममध्ये चूक झाली की प्रोसेसर पत्ता हेक्स ६८ वरचा पीएसडब्ल्यू उचलतो. यंत्रात बिघाड झाला तर ७० वरचा, इनपुट-आउटपुटचा इंटरप्ट आला तर ७८ वरचा. तिथे शून्यं पडलेली असली तर प्रोसेसर पत्ता शून्यावर जातो. तिथल्या ०० ०० ला तो चुकीची इन्स्ट्रक्शन मानतो, पुन्हा ६८ कडे जातो आणि कायमचा गरगरत राहतो. पडद्यावर काहीच दिसत नाही. या एका कार्डामुळे तिन्ही अपघातांना वेगवेगळा थांबा मिळतो: ४४४ दिसलं तर प्रोग्रॅमची चूक, ६६६ तर यंत्राची, २२२ तर नको असलेला इंटरप्ट. आणि हे सगळं प्रोसेसरची एकही इन्स्ट्रक्शन चालायच्या आधी चॅनेलनेच बसवून ठेवलेलं असतं.

तिसरं कार्ड, म्हणजे खरा प्रोग्रॅम. डावीकडे मेमरीतला पत्ता आहे, तो फाइलमध्ये टाकायचा नाही:

२००: ४१ १० ०२ २८
२०४: ५० १० ०० ४८
२०८: ९सी ०० ०० ०९
२०सी: ४७ ७० ०२ २४
२१०: ९डी ०० ०० ०९
२१४: ४७ २० ०२ १०
२१८: ९१ ०४ ०० ४४
२१सी: ४७ ८० ०२ १०
२२०: ८२ ०० ०२ ३०
२२४: ८२ ०० ०२ ३८
२२८: ०९ ०० ०२ ४० २० ०० ०० ०८
२३०: ०० ०२ ०० ०० ०० ०० ०० ००
२३८: ०० ०२ ०० ०० ०० ०० ०८ ८८
२४०: डी५ सी१ डी४ सी१ ई२ डी२ सी१ डी९
२४८: ४० ४० ४० ४० ४० ४० ४० ४०

दहा इन्स्ट्रक्शनांचे ४० बाइट, एक सीसीडब्ल्यू, दोन पीएसडब्ल्यू आणि सोळा बाइटचा मजकूर, मिळून बरोबर ८०. शेवटून दुसऱ्या ओळीत 'नमस्कार' रोमन लिपीतल्या आठ अक्षरांत, ईबीसीडीआयसी या आयबीएमच्या अक्षरसंकेतात आहे. या संकेतात ए म्हणजे सी१, जे म्हणजे डी१, एस म्हणजे ई२ आणि मोकळी जागा म्हणजे ४०.

इन्स्ट्रक्शनांकडे वळू. एलए (४१) ही पत्ता २२८ रजिस्टर १ मध्ये घालते. एसटी (५०) तो पत्ता हेक्स ४८ वर, म्हणजे दशमान ७२ वर लिहिते. ही ठरलेली जागा आहे, चॅनेलचा प्रोग्रॅम कुठे आहे ते चॅनेल इथे पाहतो. एसआयओ (९सी) डिव्हाइस ००९ ला, म्हणजे कन्सोलला, काम सुरू करायला सांगते. तिचा कंडिशन कोड, म्हणजे इन्स्ट्रक्शनचा निकाल सांगणारा ० ते ३ मधला आकडा, ० आला तर काम सुरू झालं. १, २ किंवा ३ आला तर काहीतरी बिनसलं. ३ चा अर्थ या पत्त्यावर डिव्हाइसच नाही. म्हणून बीसी (४७) या तिन्हींसाठी मास्क ७ लावून २२४ वर उडी मारते.

त्यानंतर टीआयओ (९डी) डिव्हाइसची चौकशी करते. कोड २ म्हणजे अजून काम चालू आहे, पुन्हा विचार. काम संपलं की स्थिती हेक्स ४० पासूनच्या आठ बाइटमध्ये येते, आणि त्यातला ४४ वरचा बाइट डिव्हाइसची स्थिती सांगतो. टीएम (९१) त्यातला ०४ हा बिट तपासते, म्हणजे डिव्हाइसचं काम पूर्ण झालं की नाही. हे तपासणं गरजेचं आहे. खऱ्या यंत्रावर चॅनेल आधी मोकळा होतो आणि टाइप करणारं कन्सोल नंतर. एम्युलेटरवर बहुतेकदा दोन्ही एकदमच येतात, त्यामुळे ही तपासणी गाळलेला प्रोग्रॅम तिथे चालतो आणि खऱ्या लोखंडावर अडकतो.

शेवटी एलपीएसडब्ल्यू (८२) सगळं ठीक असेल तर २३० वरचा आणि नसेल तर २३८ वरचा पीएसडब्ल्यू चढवून प्रोसेसर थांबवते.

बेस रजिस्टर कुठेच नाही, हे असेंबलर लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल. बेसच्या जागी शून्य टाकलं की यंत्र रजिस्टर शून्य न वाचता नुसता शून्य आकडा धरतं. त्यामुळे मेमरीच्या पहिल्या ४०९६ बाइटमध्ये कुठेही थेट पोचता येतं. छोट्या स्टँडअलोन प्रोग्रॅमसाठी ही मोठीच सोय आहे.

फाइल, कॉन्फिगरेशन आणि पहिला आयपीएल

हेक्सच्या ओळी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि पायथनच्या 'बाइट्स डॉट फ्रॉमहेक्स' ने त्यांचे बाइट करा. प्रत्येक कार्ड ८० बाइटपर्यंत भरून घ्या. भरायला ४० वापरा. फाइल नेमकी २४० बाइटची झाली पाहिजे. ओळ संपल्याचं चिन्ह एकही नको. फाइल २४१ किंवा २४३ बाइटची दिसली तर एडिटरने काहीतरी घुसवलं आहे.

हर्क्युलीस १९९९ मध्ये रॉजर बाउलर यांनी सुरू केला. आता त्याची हायपेरियन ही शाखा जास्त चालू आहे. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आर्किटेक्चर एस/३७० आहे असं स्पष्ट लिहा. या ओळीचं जुनं नाव 'आर्कमोड', हायपेरियनमध्ये 'आर्कएलव्हीएल'. ही ओळ विसरलात तर एम्युलेटर नंतरच्या आर्किटेक्चरने सुरू होतो, आणि तिथे आपला पीएसडब्ल्यू अवैध ठरतो. त्यानंतर तीन डिव्हाइस: ०००९ वर ३२१५-सी कन्सोल, ०००सी वर ३५०५ कार्ड रीडर आणि ०००ई वर १४०३ प्रिंटर. रीडरच्या ओळीत फाइलच्या नावापुढे 'ईबीसीडीआयसी' हा पर्याय द्यायलाच हवा. तो नसेल तर हर्क्युलीस फाइलची सुरुवात पाहून ती कोणत्या संकेतातली आहे ते स्वतः ताडतो. आपल्या फाइलच्या सुरुवातीला तर बहुतेक शून्यंच आहेत. अंदाजावर का सोडायचं?

आता 'आयपीएल ००सी' द्या. कन्सोलवर रोमन लिपीत नमस्कार उमटेल आणि लगेच प्रोसेसर डिसेबल्ड वेटमध्ये, म्हणजे इंटरप्ट बंद ठेवून थांबलेल्या अवस्थेत, गेल्याचा संदेश येईल. त्यातल्या पीएसडब्ल्यूचा शेवट शून्यांनी झाला असेल तर सगळं बरोबर. ८८८ असेल तर एसआयओने नकार दिला, बहुधा कन्सोलचा पत्ता जुळत नाही. ४४४ असेल तर तिसऱ्या कार्डातला एखादा बाइट चुकला.

दुसऱ्यांदा आयपीएल दिल्यावर तो फसतो, आणि इथे नवखे हमखास गोंधळतात. कारण साधं आहे: कार्डं संपली. खऱ्या यंत्रावर ऑपरेटरला गठ्ठा पुन्हा रीडरवर ठेवावा लागायचा, इथे 'डेव्हइनिट' कमांडने तीच फाइल पुन्हा लावावी लागते. त्या वेळीही 'ईबीसीडीआयसी' लिहायला विसरू नका.

काही अडलं तर 'आर २००.५०' देऊन मेमरीत काय आलं आहे ते पाहा. तिसरं कार्ड जसंच्या तसं दिसलं तर चॅनेलचं काम झालं, चूक इन्स्ट्रक्शनमध्ये शोधा. दिसलं नाही तर 'टी+००सी' ने रीडरचा माग चालू करा. मग प्रत्येक सीसीडब्ल्यू आणि त्याची स्थिती ओळीने छापली जाते. इन्स्ट्रक्शन एकेक करून चालवायला 'एस+' आहे. कुठे पाहायचं हे या क्रमानेच ठरवा: आधी चॅनेल, मग प्रोसेसर.

प्रिंटर आणि कीबोर्ड

एसआयओ आणि टीआयओ या दोन्हींचा शेवटचा बाइट ०९ ऐवजी ०ई करा. तोच मजकूर आता १४०३ प्रिंटरवर जाईल. सीसीडब्ल्यूला हात लावायची गरज नाही. ०९ या हुकमाचा कन्सोलवर अर्थ 'लिही आणि नव्या ओळीवर ये' आणि प्रिंटरवर 'छाप आणि एक ओळ सरक'. सिस्टीम/३६० च्या रचनाकारांनी डिव्हाइसचे हुकूम किती विचारपूर्वक वाटले होते ते अशा ठिकाणी दिसतं.

वाचण्यासाठी कन्सोलचा हुकूम ०ए आहे. सीसीडब्ल्यूत ८० बाइट मागा आणि झेंडा २० ठेवा, कारण माणूस किती अक्षरं टाइप करेल ते आधी माहीत नसतं. वाचन संपल्यावर हेक्स ४६ वरच्या दोन बाइटमध्ये न वापरलेल्या बाइटची संख्या मिळते. ती ८० मधून वजा केली की टाइप झालेली लांबी. तीच लांबी लिहिण्याच्या सीसीडब्ल्यूत टाकलीत की जे टाइप केलं ते परत दाखवणारा प्रोग्रॅम तयार. हर्क्युलीसच्या कन्सोलवर या प्रोग्रॅमला काही पाठवायचं असेल तर ओळीच्या आधी तिरकी रेघ द्यावी लागते, नाहीतर एम्युलेटर ती स्वतःची कमांड समजतो.

वर ०४ तपासलं तसाच ०२ हा बिटही तपासायची सवय लावून घ्या. तो लागलेला असेल तर काम संपलं खरं, पण बिघडून संपलं.

प्रोग्रॅम मोठा झाल्यावर

एका कार्डाबाहेर गेल्यावर हाताने हेक्स लिहिणं थांबवा. एमव्हीएस ३.८ या आयबीएमच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममधला आयएफओएक्स०० असेंबलर हर्क्युलीसवरच चालतो. किंवा स्टँडअलोन प्रोग्रॅमसाठीच बनवलेला एसएटीके हा पायथनमधला संच घ्या. आयएफओएक्स०० कडून मिळणारा ऑब्जेक्ट डेक, म्हणजे भाषांतरित प्रोग्रॅमच्या कार्डांचा गठ्ठा, मात्र जसाच्या तसा बूट होत नाही. त्यातल्या ज्या कार्डांवर दुसऱ्या ते चौथ्या स्तंभात टीएक्सटी असतं, ती कामाची. स्तंभ ६ ते ८ मध्ये पत्ता, ११-१२ मध्ये बाइटची संख्या, आणि १७ ते ७२ मध्ये जास्तीत जास्त ५६ बाइट माल. छोटीशी पायथन स्क्रिप्ट हे तुकडे पत्त्यानुसार जोडून सलग प्रतिमा करते. प्रोग्रॅमचा एकच विभाग ठेवा आणि स्टार्ट स्टेटमेंटमध्ये ५१२ द्या, म्हणजे हेक्स २००. मग आतले पत्ते असेंबलरच बरोबर भरतो आणि आरएलडी कार्डं (लोड करताना कोणते पत्ते बदलायचे त्यांची यादी) सरळ वगळता येतात. प्रतिमा ४०९६ च्या पलीकडे गेली की बेस रजिस्टर लावणं आलंच.

ही प्रतिमा कार्डांवरून आणायची तर चॅनेलची साखळी लांबवावी लागते. पहिला सीसीडब्ल्यू पुढच्या सीसीडब्ल्यूंनी भरलेलं एक कार्ड मेमरीत आणतो, दुसरा ०८ या हुकमाने त्यांच्यावर उडी मारतो. एका कार्डावर दहा सीसीडब्ल्यू मावतात. हे एकदा करून पाहण्यासारखं आहे. रोजच्या कामाला मात्र मी टेपच सुचवेन. टेपवर ब्लॉक हवा तेवढा मोठा असू शकतो. पहिल्या कार्डाचे चोवीस बाइट तसेच ठेवा आणि तिसऱ्या ओळीत शेवटी ०० ५० ऐवजी प्रतिमेची लांबी लिहा. ४०९६ बाइट असतील तर १० ००.

एडब्ल्यूएस टेप फाइलमध्ये (एम्युलेटर जिला टेप मानतो ती फाइल) प्रत्येक ब्लॉकआधी सहा बाइटचं शीर्षक लागतं: या ब्लॉकची लांबी, मागच्या ब्लॉकची लांबी आणि दोन बाइट खुणा. आपल्या टेपसाठी ती अशी:

१८ ०० ०० ०० ए० ०० आणि मग बूटचे २४ बाइट
१८ ०० १८ ०० ए० ०० आणि मग तीन पीएसडब्ल्यू
०० १० १८ ०० ए० ०० आणि मग ४०९६ बाइटची प्रतिमा
०० ०० ०० १० ४० ०० म्हणजे टेप मार्क

४०९६ चे बाइट शीर्षकात ०० १० असे उलटे आहेत आणि सीसीडब्ल्यूत १० ०० असे सुलटे. शीर्षक ही पीसीच्या जगातली गोष्ट, तिथे लहान बाइट आधी येतो. सीसीडब्ल्यू मेनफ्रेमचा, तिथे मोठा आधी. कॉन्फिगरेशनमध्ये ०४८० वर ३४२० टेप ड्राइव्ह जोडा आणि 'आयपीएल ४८०' द्या.

वारंवार बदल करून चाचणी घ्यायची असेल तर हर्क्युलीसमध्ये आणखी एक वाट आहे. 'आयएनएस' शेवट असलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रतिमेच्या फाइलचं नाव आणि हेक्स पत्ता लिहायचा आणि त्या फाइलचाच आयपीएल करायचा. एम्युलेटर प्रतिमा थेट मेमरीत ठेवतो आणि पत्ता शून्यावरचा पीएसडब्ल्यू घेतो. चॅनेलची साखळी यात लागत नाही, म्हणून ती शिकून झाल्यावरच ही वाट धरा.

डिस्कवरून बूट करताना पहिले २४ बाइट सिलिंडर ०, ट्रॅक ० वरच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये असतात. पुढचा माल आणायला चॅनेलला आधी हात योग्य जागी न्यायचा, रेकॉर्ड शोधायचा, जुळेपर्यंत मागे उडी मारायची आणि मगच वाचायचं, असा चार हुकमांचा खेळ करावा लागतो.

आणि ३७०-एक्सए या सिस्टीम/३७० नंतरच्या आर्किटेक्चरपासून पुढच्या यंत्रांवर एसआयओ आणि टीआयओ या इन्स्ट्रक्शनाच राहिल्या नाहीत. तिथे डिव्हाइसऐवजी सबचॅनेलशी बोलायचं, एसएससीएच ने काम सुरू करायचं, आणि कुठून लोड झालो ते बाइट २-३ मध्ये न पाहता हेक्स बी८ वर पाहायचं. पहिले २४ बाइट मात्र तिथेही एक पीएसडब्ल्यू आणि दोन सीसीडब्ल्यूच आहेत. फक्त पीएसडब्ल्यूच्या दुसऱ्या बाइटमध्ये ०८ हा बिट लावून तो नव्या पद्धतीने लिहावा लागतो.